आधी काय घेऊ, ऐरण की भट्टी?

"ताई, मलाही घरी लोहारकाम सुरू करायचंय. आधी काय काय घेऊ?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हे कुणी ना कुणी विचारतंच. कधी सांगलीचा इंजिनिअरिंगचा पोरगा, कधी नुकतेच निवृत्त झालेले बँकेतले काका. मी किर्लोस्करवाडीजवळच्या एका गावात शाळेत शिकवते आणि गेली सहा वर्षं दर रविवारी परसातल्या पत्र्याच्या शेडात भट्टी पेटवते. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

बहुतेकांचं घोडं ऐरणीपाशी अडतं. शिंगाची, मोठी, घडीव ऐरण हवी आणि ती मिळाल्याशिवाय सुरुवात नाही. असं करत दोन-दोन वर्षं निघून गेलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं. ऐरणीचं काम एकच, घाव परतवणं. खाली जड, टणक आणि न हलणारं पोलाद असलं की झालं. माझी ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा फूटभर तुकडा. ५२ किलोचा रूळ म्हणतात तो मीटरला ५२ किलो भरतो, म्हणजे फुटाला साधारण १६ किलो. हा तुकडा आडवा ठेवू नका, उभा रोवा. आडव्या रुळाची मधली पट्टी बारीक असते, ती घावाचा जोर खाते. उभा केला की तोंड लहान मिळतं, पण सगळं वजन घावाच्या बरोबर खाली येतं. घ्यायच्या आधी बेअरिंगची गोळी वरून टाकून बघा. ती टणकन उसळून हाताशी आली तर तुकडा चांगला. आणि पावतीशिवाय रूळ घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे, भंगारवाला 'काही होत नाही' म्हणाला तरी.

बाभळीच्या ओंडक्यात तो तुकडा घट्ट बसवा. ताठ उभं राहून हात खाली सोडले की मुठीची हाडं जिथे येतात, तेवढी ऐरणीची उंची. याहून कमी ठेवलीत तर कंबर बोलायला लागेल.

हातोडा मात्र विकत घ्या. एक किलोच्या आतबाहेरचा पुरे. तोंडाच्या कडा ग्राइंडरवर गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाची कड लोखंडात उमटते आणि पुढचा घाव तिथेच घडी पाडतो. भट्टीला ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप आणि हाताने फिरवायचा ब्लोअर. तो पाइप किंवा तापवायचं कुठलंही लोखंड जस्ताचा मुलामा असलेलं नको. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बादली. लोणारी कोळसा मिळाला तर उत्तम.

सांडशी पहिल्या दिवशी लागत नाही. हातभर लांब, १२ मिलिमीटरची चौकोनी सळई घेतली की तिचं दुसरं टोक हातात धरता येतं. तिचा आकडा करा, दावं किंवा पिशवी अडकवायचा. टोक काढताना आधी चौकोनीच निमुळतं करायचं, मग कोपरे बसवून अठपैलू आणि शेवटी गोल. पहिल्यापासून गोल फिरवत ठोकलंत तर आतून चीर पडते. नारिंगी-पिवळं असताना ठोकायचं, काळपट लाल झालं की थांबायचं. असे वीसेक आकडे झाले की हाताला सांडशीची गरज कळते, आणि मग ती स्वतःच घडवायची.

हे मी रस्त्याकडेला शिकले. मे महिन्यात पेरणीच्या तोंडावर विट्याच्या रस्त्याला एक घिसाडी कुटुंब उतरलं होतं. मामा सांडशीत फाळ धरायचे, मावशी घण घालायच्या. मामांचा लहान हातोडा जिथे टिचकी मारेल, बरोब्बर तिथे घण पडायचा, आणि मामांनी हातोडा ऐरणीवर आडवा टेकवला की घण थांबायचा. दोघांत शब्द नाही. माझ्या हाती घण आला तेव्हा दहा घावांत दंड भरून आले. मावशी म्हणाल्या, "तू हाणू नगंस बाई. वर न्यायचं काम तुजं, खाली यायचं काम घणाचं." तेव्हापासून माझा खांदा दुखलेला नाही.

पाणी द्यायलाही, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन गार करून धार टणक करायलाही, त्यांच्याकडूनच शिकले, पण आधी एक खुरपं गमावून. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचं होतं, तीन रविवार खपून घडवलेलं. लालभडक करून अख्खं बादलीत बुडवलं आणि 'टिक्' असा बारीक आवाज आला. धारेपासून मधोमध चीर. पाट्याच्या पोलादाला एवढा गारठा सोसत नाही, आता मी कोमट तेल वापरते. चुंबक जवळ ठेवते. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याहून जरा जास्त लाली आली की तेलात. मामा पाण्यातच करायचे, पण फक्त धार बुडवायचे. पाठीत धग राखायची, धार दगडावर घासून चकचकीत करायची आणि बघत राहायचं. पाठीकडून रंग सरकत येतो, आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. खुरप्याच्या धारेला जांभळा टेकला रे टेकला की पुन्हा पाण्यात. ते डोळ्यांनी बघावं लागतं.

म्हणून 'काय घेऊ'च्या आधी 'कुणाजवळ बसू' हे ठरवा. मिरजेच्या शिकलगारांचं शस्त्रांचं काम आटलं तेव्हा त्यांच्यातले काही सतारी-तंबोरे घडवायला लागले आणि मिरजेचं नाव देशभर झालं. गावच्या लोहाराच्या हाताला तसं दुसरं काम आलेलं नाही. तुमचा छंद त्यांच्या पोटावर येऊ देऊ नका. शेजाऱ्यांचे विळे घरी शेवटून, म्हणजे तापवून ठोकून पुन्हा धार काढून, द्यायला लागू नका, ते गिऱ्हाईक त्यांचं आहे. घरातलं बोथट खुरपं घेऊन जा, सांगतील ते पैसे द्या, घासाघीस करू नका आणि बसू का म्हणून विचारा. फक्त मेच्या शेवटी जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. श्रावणात जा. भाता फिरवायला माणूस हवाच असतो.