तुम्ही विचारलंत म्हणून: क्लॅप्टननं यार्डबर्ड्स का सोडला?

गिटार शिकणारी पोरं हे हमखास विचारतात, की बँड गाजायला लागला नेमका तेव्हाच इंग्लिश गिटारिस्ट एरिक क्लॅप्टन यार्डबर्ड्समधून बाहेर का पडला, डोकं फिरलं होतं का त्याचं?

मार्च १९६५ ची गोष्ट, पठ्ठ्याला विसावं वर्षही पूर्ण नव्हतं. यार्डबर्ड्स म्हणजे इंग्लंडच्या क्लबांमधून ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवून धमाल उडवणारी मंडळी, पण रेकॉर्ड काही फारशा चालत नव्हत्या, त्यामुळे मॅनेजर जॉर्जिओ गोमेल्स्कीला आणि बाकीच्यांना एक हिट पाहिजेच होतं. ते मिळालं 'फॉर युअर लव्ह', ग्रॅहम गूल्डमननं लिहिलेलं.

आता हे गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीलाच हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं तारवाद्य), जोडीला बाँगो (हातानं वाजवायचे छोटे ड्रम), आणि गिटार कुठंय? शोधत बसा. मध्येच ताल बदलतो, शफल (झुलता ठेका) सुरू होतो, तेवढ्यात काय ती क्लॅप्टनची गिटार येते आणि जाते. त्याच रेकॉर्डची मागची बाजू लावा, 'गॉट टू हरी', तिथे बघा कसा मोकळा सुटलाय. (हिचा संगीतकार म्हणून नाव आहे रासपुटिन, म्हणजे मॅनेजरसाहेबच! रॉयल्टीचा हिशोब नसेल असं मला तरी वाटत नाही.)

'बँड कमर्शियल झाला म्हणून सोडला' हे तो स्वतःही सांगत आलाय, खोटं नाहीये ते, पण पुढे त्यानं स्वतः काय कमी हिट दिलेत? मला वाटतं हिटचं वावडं नव्हतं, आपल्याच बँडच्या गाण्यात आपल्याला काम नाही हे झोंबलं.

बाकीच्यांना मी दोष देणार नाही, गाणं इंग्लंडमध्ये ३ नंबरला गेलं राव, अमेरिकेत ६ ला. आणि खरी गंमत पुढेच आहे. रिकाम्या जागेसाठी गिटारिस्ट जिमी पेजला विचारलं, त्यानं दुसऱ्या गिटारिस्टचं, जेफ बेकचं नाव पुढे केलं, आणि बेकनं त्याच गूल्डमनच्या 'हार्ट फुल ऑफ सोल'मध्ये फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून गिटार सतारीसारखी वाजवली, अख्खं गाणं त्या रिफवर (परत परत येणाऱ्या छोट्या धूनवर) उभंय! म्हणजे पॉप गाण्यातही जागा काढता येत होती, क्लॅप्टनला तेवढा धीर नव्हता इतकंच.

पण धीर धरला असता तर तो ब्लूजवाल्या जॉन मेयॉलच्या बँडकडे गेला नसता, आणि मेयॉलबरोबरच्या १९६६ च्या त्या अल्बममधला लेस पॉल गिटार आणि मार्शल अँप्लिफायरचा फुल आवाजातला टोन, ज्याच्यामागे आपण सगळे अजून इफेक्ट पेडल घेत फिरतोय, तोही आला नसता बहुतेक.