सादळलेलं, कसर लागलेलं

दसरा झाला की आमच्या राजापूरच्या घरी पुस्तकांची ट्रंक पडवीत येते. ऊन लागू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा. चार महिन्यांची ओल तेव्हा कुठे उतरते.

यंदा त्या ढिगात टपालाने मागवलेलं एक जुनं पुस्तकही होतं. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "स्थिती चांगली आहे." पुडकं सोडलं तर शीर्षकाचं पान गायब, शेवटच्या फर्म्याची, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या जुडीची, शिवण सुटलेली. पैशांपेक्षा मला त्या 'चांगली'चं जास्त लागलं. इंग्रजी जुन्या पुस्तकांच्या धंद्यात 'गुड' म्हणजे 'फाइन' आणि 'व्हेरी गुड'च्याही खालची पायरी: वापरून झिजलेली, पण पानं सगळी असलेली प्रत. काही उणं असेल तर ते वेगळं सांगायचं, असा रिवाज आहे. आपल्याकडे 'चांगली'चा अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

वास्तविक कोकणातल्या घरांत यासाठी शब्द केव्हापासून आहेत. सादळलेलं पुस्तक म्हणजे ओल धरून मऊ पडलेलं. वाळल्यावर त्याची पानं लाटांसारखी राहतात. पानावरचे तपकिरी ठिपके, धंद्यात ज्याला 'फॉक्सिंग' म्हणतात, ते जात नाहीत, पण अक्षर शाबूत राहतं. बुरशीचं तसं नाही, ओल मिळाली की ती शेजारच्या पुस्तकावर चढते. कसर ही बारीक कीड कागद वरवर खरवडते, बांधणीतली खळ खाते. वाळवी मात्र मातीसकट आत शिरते आणि मधलं पोटच नेते. ठिपक्यांची प्रत मी आनंदाने घेईन. बुरशीची घेतली तरी महिनाभर वेगळी ठेवीन. मग या सगळ्याला नुसतं 'जुनं, थोडं खराब' म्हणून कसं चालेल?

'इन्क्युनाब्युला' या लॅटिन शब्दातला पाळणा ओळखून आपल्या अभ्यासकांनी 'दोलामुद्रित' हा शब्द केला. छपाईच्या बाळपणातली पुस्तकं, युरोपात १५०१ च्या आधीची, मराठीत साधारण १८६७ पर्यंतची. किती नेमका आणि मायेचा शब्द! स्थितीच्या शब्दांनाही असाच मान मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

आजोबांची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, पोथी बासनातून काढली, पानं मोजली आणि चिठ्ठी लिहिली: "सुटी पानं, ४१ पैकी ४०, विसावं नाही. कडांना कसर, अक्षर शाबूत. सातव्या पानावर समईच्या तेलाचा बोटभर डाग." चिठ्ठी पोथीवर ठेवून बासन पुन्हा बांधलं.