लेपल चालूच असतो

गेल्या मे महिन्यात रामेश्वरम बेटावर, तंगच्चिमडममध्ये, एका तमिळ सिनेमाचा सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करण्याचं काम, करत होतो. गोष्ट घरगुती : बापाची बोट, दोन भाऊ, वाटणी. मे महिना प्रॉडक्शनने मुद्दाम धरला होता. तिकडे १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस ट्रॉलरना मासेमारी बंद असते. बोटी धक्क्याला, माणसं मोकळी, भाडं कमी. आमची तर चैनच, एरवी त्या इंजिनांच्या धडधडीत एक वाक्य धड मिळत नाही. तरी दिग्दर्शकाच्या सहायकांचं पालुपद चालूच, ‘नंतर डब करू’. असं म्हणणाऱ्याला एकदा तरी त्या वाऱ्यात बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरून उभं करायला हवं.

शेजारणीच्या भूमिकेत गावातलीच एक मासळीवाली होती, साठीची. तिची साडी नायलॉनची, आणि नायलॉनवर लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक, नुसता खरखरतो. माझ्या सहायक मुलीने टेपचे दोन त्रिकोण करून मधे माइक चिकटवला, वर सुती चिंधीची घडी. अर्धा तास गेला, पण श्वाससुद्धा स्वच्छ येत होता.

प्रसंग असा : शेजारणीच्या मुलाला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलंय आणि ती ओक्साबोक्शी रडते. दोन टेक झाले. मग लाइट बदलायला वेळ लागणार म्हणून ती बोटीच्या सावलीत बसली आणि फोनवर बोलू लागली. लेपल कुणी काढत नाही, ट्रान्समीटरही बंद करत नाही. लाइट होईपर्यंत आम्ही लोकांचं घरदार ऐकत असतो. ऐकायचं आणि सोडून द्यायचं, हा आमचा अलिखित नियम.

मला तमिळ कामापुरतंच येतं. सहायक मुलगी मात्र हेडफोन दाबून एकदम गप्प झाली. म्हणाली, “सार, हिचा मुलगा खरंच आत आहे. जाफन्यात. पण ती त्याच्याबद्दल बोलतच नाहीये.” बाई सावकाराशी व्याजाबद्दल भांडत होती. पोरगं येईल सुटून, बोट नाही येणार, आणि बोटीवरचं कर्ज माझ्या दागिन्यांवर आहे, महिनाभर थांब. आवाज अजिबात चढलेला नाही.

दिग्दर्शकाच्या कानातही तोच फीड. तो धावत आला, “रेकॉर्ड झालं?” झालं होतं.

त्याने तिला सांगितलं, असंच कॅमेऱ्यासमोर बोला. तिने आधी दर विचारला. गर्दीत उभं राहण्याचा वेगळा आणि बोलण्याचा वेगळा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रॉडक्शन मॅनेजरने तिथेही घासाघीस केली. करोडोंच्या सिनेमात हीच माणसं पाचशे रुपयांसाठी जीव टाकतात. शेवटी ठरलं, तिने अंगठा दिला आणि तेच सगळं पुन्हा बोलली. साफ फसलं. ऐकणारा समोर आहे म्हटल्यावर तिने त्यात रडणं घातलं, आधीच्या दोन टेकमध्ये आम्हीच शिकवलेलं.

आता एडिटमध्ये फोनचंच बोलणं लावलंय, पाठमोऱ्या शॉटवर. ऐकताना काटा येतो, हे खरं. पैसे तिने घेतले ते कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचे. त्या सावकाराशी चाललेल्या बोलण्याचा सौदा कुणी केलाच नव्हता. ते रेकॉर्ड झालंय, हे तरी तिला नीट कळलं होतं का, तेही मला ठाऊक नाही. मिक्सच्या आधी कुणीतरी जाऊन तिला ऐकवा, असं मी प्रॉडक्शनला लिहिलं. उत्तर आलं : अंगठा आहे ना कागदावर?