भिरंडीने आठ वर्षं वाट पाहायला लावली

आमच्याकडे रातांब्याला, म्हणजे कोकमाला, भिरंड म्हणतात. 2014 च्या पावसात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, मी चौदा रोपं लावली. बी घरचीच, आईने सोलं (सुकवायची सालं) काढून उरलेली. फुकटात झाडं झाली म्हणून मी खूश.

भिरंडीत नर वेगळा, मादी वेगळी, आणि बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, एवढं ठाऊक होतं. पण ओळखायचं कसं? शेजारचे अण्णा ठासून म्हणाले, "बारीक पानाचा तो नर." त्यांचं ऐकून तीन रोपं उपटली. त्यातली एखादी मादी असणार, हे अजून मनाला लागतं. भांगेचं रोप बरं, दीडेक महिन्यात पेरापाशी सांगून टाकतं: दोन पांढरे केस म्हणजे मादी, देठावर गोळी म्हणजे नर. भिरंड सात-आठ वर्षं गप्प.

2021 च्या डिसेंबरात कळ्या आल्या. पहिल्या झाडावर झुपकाच होता. एक कळी नखाने फोडली, तर आत पिवळट पुंकेसरांचा गच्च गोळा आणि मध्ये काहीच नाही. नर. दोन झाडं सोडून एक सुटी कळी दिसली. तिच्यात मधोमध मुगाएवढा हिरवा मणी आणि त्यावर खाचा पडलेली चपटी टोपी. तोच मणी फुगून भिरंड होतो. अकरांत सात नर निघाले.

बाबा म्हणाले, "तोड आणि चुलीत घाल." परागासाठी दोन ठेवले, बाकी पाच कमरेएवढ्या उंचीवर छाटले. पावसाच्या तोंडावर फुटवे आले, त्यांवर जुलैत मादीच्या काड्या पाचर कलमाने बांधल्या. इथे माझी चूक झाली. हाताला लागल्या म्हणून आडव्या फांद्यांच्या काड्या घेतल्या. कलमं जगली, पण वर जायलाच तयार नाहीत, वेलासारखी पसरली. पुढच्या वर्षी शिडी लावून शेंड्याच्या सरळ काड्या काढल्या, ती झाडं नीट उभी आहेत.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही भिरंडीची जात 1997 पासून आहे. तिचं कलम आणलं असतं तर चार-पाच वर्षांत फळ मिळालं असतं. पण फुकटचा मोह!

यंदा पसरलेल्या एका कलमावर अकरा भिरंडं धरली. आईने सालं मीठ लावून उन्हात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी वळीव आला.