पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं कलम

आमच्याकडे, नागपूरच्या कुटुंब न्यायालयात, प्रकरणांना अक्षरं असतात. ए म्हणजे घटस्फोट आणि नांदायला येण्याचे दावे, ई म्हणजे खावटी, डी म्हणजे मुलांचा ताबा आणि एफ म्हणजे परस्पर संमती. कुटुंब न्यायालयातला समुपदेशक दिवसभर नवरा-बायकोंची समजूत घालत बसतो, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर फाइलीवरचं अक्षर बघूनच आमची बसण्याची पद्धत बदलते. डी आली की आधी पाणी मागवायचं. एफ आली की सरळ पेन उघडायचं, कारण माणसं भांडून दमलेली असतात आणि हिशेब मिटवून आलेली असतात.

हे प्रकरण एफ होतं. काही वर्षांपूर्वीचं. नावं सांगणार नाही, नोकऱ्या आणि मोहल्ले बदलले आहेत. पोळा तेवढा बदलता आला नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालचा अर्ज. पहिली तारीख होऊन गेलेली आणि मधली सहा महिन्यांची मुदतही संपलेली. २०१७ पासून न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, पण यांनी ती मागितली नव्हती. मुलगा आठ वर्षांचा, आईजवळ, मानेवाड्याकडे. वडील बुटीबोरीला कंपनीत, घर इतवारीतलं, आजोबांच्या काळचं. स्त्रीधनाची यादी पितळी घंगाळापर्यंत मिटली होती. पोटगीचा आकडा ठरला होता. मुलाच्या भेटीही ठरल्या होत्या: दुसरा-चौथा शनिवार, उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, दिवाळी एक वर्ष इकडे नि एक वर्ष तिकडे, वाढदिवसाला चार तास. सह्या व्हायच्या त्याच सकाळी वडिलांच्या वकिलांनी टाइप केलेल्या मसुद्यात निळ्या शाईने एक ओळ घातली. ‘पोळ्याचा दुसरा दिवस दरवर्षी वडिलांकडे.’ आईने ती वाचली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, “मला नाही करायची सही.”

फाइल माझ्याकडे आली. एका दिवसाचाच तर प्रश्न आहे, दुपारपर्यंत बघा, एवढाच निरोप.

विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं. पोळा बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवायचा, ओढत चौकात न्यायचा, कोणाचा सरस यावर बक्षिसं, मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. त्याच दिवशी आधी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठाले पुतळे, यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, तोबा गर्दी आणि ‘घेऊन जा गे मारबत’चा घोष. नागपुरात त्या दिवशी सुट्टी असते. मारबत दुपारी, तान्हा पोळा संध्याकाळी. इतवारीतल्या पोराला वर्षात याहून मोठा दिवस नाही.

आणि हा दिवस एकाही छापील मसुद्यात नसतो. भेटीच्या कलमांवर माझा जुना राग आहे. वकिलांच्या संगणकात मुंबई-पुण्याकडून आलेला एक मसुदा पडून असतो, त्यात नावं तेवढी बदलतात. मराठी शाळेत जाणाऱ्या पोरांच्या अटींत मी ख्रिसमसची सुट्टी वाटून घेतलेली पाहिली आहे. पण इथली माणसं ज्यावरून खरोखर तुटतात, ते त्यात नसतं. मुलगी असेल तर भुलाबाई कोणाच्या अंगणात, महालक्ष्म्यांच्या जेवणाला नातवंड हजर असणार की नाही, संक्रांतीला मांजा कोण धरणार. हे सगळं ‘इतर सण परस्पर सहमतीने’ या एका ओळीत कोंबायचं. ज्यांची सहमती होत नाही म्हणून ते इथवर आले, त्यांना आम्ही सांगतो की सहमतीने ठरवा! त्या निळ्या ओळीबद्दल वडिलांच्या वकिलांचं मला मनातून कौतुकच वाटलं. ती शेवटच्या मिनिटाला घुसवली, एवढंच वाईट.

कौतुक फार टिकलं नाही. आईचे वकील म्हणाले, आम्ही संमती काढून घेतो. ते तसं करू शकत होते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकून राहायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलं आहे. त्यावर वडिलांचे वकील म्हणाले, मग आम्ही डी लावतो, मुलगा पाच वर्षांच्या वर आहे. ‘पाच झाली की पोर बापाचं’ हा समज पानठेल्यावर चालतो ते समजू शकतं, पण कोट घातलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की कपाळ दुखायला लागतं. १९५६ च्या कायद्यात एवढंच आहे की पाच पूर्ण न झालेलं मूल सहसा आईजवळ असावं. पाचव्या वाढदिवसानंतर ते कोणाच्या नावावर होत नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की सर्वांत वर मुलाचं हित. वडील आधी आणि आई नंतर ही पालकत्वाची जुनी उतरंडही १९९९ सालीच सैल झाली. विधी आयोगाने २०१५ च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. त्याचा कायदा झाला नाही, म्हणून तो असा एकेका प्रकरणात, निळ्या शाईने करावा लागतो.

वकिलांना बाहेर बसवलं आणि दोघांशी वेगवेगळी बोलले.

वडील म्हणाले, “मी काय मागून राहिलो, मॅडम? एक दिवस. तिच्याजवळ तीनशे चौसष्ट आहेत.” हिशेब चुकीचा होता, शनिवार आणि सुट्ट्या त्यांनी धरल्याच नव्हत्या. पण अशा वेळी माणसाची बेरीज तपासायची नसते.

आईचं कारण मसुद्यात कुठेच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मारबतीच्या गर्दीत मुलगा हरवला होता. तिच्या मते पाऊण तास, नवऱ्याच्या मते दहा मिनिटं. पोलिसांनी त्याला मंडपात बसवून ठेवलं आणि बाप शोधत आला. “हरवला याचा राग नाही, मॅडम. गर्दी आहे, हात सुटतो. पण यांनी मला सांगितलंच नाही. पोरानं सांगितलं, रात्री झोपताना.” त्यानंतर ती जी भांडली, तेव्हापासून दोघं वेगळी राहत होती. म्हणजे तसं आधीही बरंच काही होतं, पण घर सोडलं ते त्या रात्रीनंतरच्या आठवड्यात.

ही गोष्ट मी तेव्हा नीट मनात ठेवली. आठ वर्षांच्या त्या पोराने आयुष्यात एकदा एका घरातली गोष्ट दुसऱ्याला सांगितली होती, आणि त्याचं काय झालं हे त्याने पाहिलं होतं.

बाहेर बाकावर आजोबा होते. अर्जात त्यांना जागा नाही, पण ते आलेच होते, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. मला पाहून त्यांनी पिशवीतून लाकडी चाक काढलं. वीतभर रुंद, सागाचं, कडेला लोखंडी पट्टी, आसाच्या भोकाला ताजं ग्रीस. तीन बाजूंनी जुना हिरवा रंग आणि एका फाकेला नवीन, जरा जास्त चकचकीत. “हे दुरुस्त करून आणलं जी. मागच्या साली निखळलं होतं. पोरगं आता जोरानं वढते.” मग हळूच, “साहेबाले दाखवा. पुरावा म्हणून.” मी म्हटलं, दादाजी, असा पुरावा लागत नाही. ते म्हणाले, “राहू द्या तरी तुमच्याजवळ.” मी घेतलं नाही. ग्रीस मात्र माझ्या बोटाला लागलं ते लागलंच.

मग मुलगा.

मुलांशी बोलण्याचे आमचे काही ठोकताळे असतात. आई हवी की बाबा, हे कधीच विचारायचं नाही. दप्तर कोण भरतं, गृहपाठाच्या वहीवर सही कोणाची, ताप आला तर रात्री कोण उठतं, असं विचारायचं, त्यात सगळं येतं. सात वर्षांचं लेकरू ‘मानसिक छळ’ म्हणालं की समजायचं, घरात कोणीतरी नोटीस मोठ्याने वाचली आहे. घराचं चित्र काढून घेऊन त्यातून निष्कर्ष काढणारे लोक आहेत. माझा त्यावर विश्वास नाही, निम्मी मुलं खडू मिळाला म्हणून काढतात. १८९० चा पालकत्व कायदा म्हणतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर ती विचारात घ्यावी. वय दिलेलं नाही. ते ओळखणं आमच्यावर.

हा पोरगा चांगलाच समजून-उमजून होता. नंदीबद्दल विचारलं तसा सुटलाच. “आमचा नंदी सगळ्यात जड आहे, काकू. दोघं लागतात. पण आधी मारबत! काळी मारबत एवढी मोठी असते, आणि सगळे ओरडतात, आणि मी बाबांच्या खांद्यावर. त्या वर्षी हरवलो न, तर पोलिसांनी चिवडा दिला. मी रडलो नाही.” भीतीचा मागमूस नव्हता. मी लिहीत होते. त्याची नजर पेनावर गेली.

“हे तुम्ही लिहून राहिल्या का?”

“हो.”

“आई वाचते का मग?”

“आई वाचेल. बाबाही. आणि जजसाहेब.”

इथे मी दुसरं काही म्हणू शकत नव्हते. मध्यस्थीत पक्षकार जे बोलतात ते गोपनीय राहतं. पण ताब्याच्या वादात समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल त्या गोपनीयतेत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवलं आहे. न्यायालयाला मुलाचं हित बघायचं तर त्याच्यासमोर सगळं यायला हवं, हे कारण. तेव्हा ‘आपल्या दोघांतच राहील हं’ असं मी मुलाला सांगितलं तर ते सरळसरळ खोटं असतं.

तो थोडा वेळ बुटाच्या वेल्क्रोशी खेळत बसला. मग म्हणाला, “मारबत नका लिहू. तान्हा पोळा लिहा. चार वाजतापासून.”

“चारपासूनच का?”

“तोवर मारबत निघून जाते न.”

दोन वकील आणि दोन पालक सकाळपासून जे शोधत होते, ते त्याने वेल्क्रो उघडबंद करता करता काढून दिलं. आईला गर्दी नको, बाबांना नंदी हवा. स्वतःला मारबत आवडते, ती त्याने सोडून दिली. फाइलीत याला ‘बालकाची इच्छा’ म्हणतात. माझ्या मते तो तडजोडीचा मसुदा होता, आणि त्या दिवशीच्या सगळ्या मसुद्यांत तोच नेटका होता.

अहवालात मी काय लिहिलं? दोन्ही लिहिलं. मारबतीबद्दल उत्साहाने बोलला, भीती आढळली नाही. अहवाल आई-वडील वाचतील हे कळल्यावर ती इच्छा मागे घेतली. तान्ह्या पोळ्याला चारनंतर जाण्याची इच्छा व्यक्त केली. अर्धंच लिहायचा मला अधिकार नव्हता आणि आजही लिहिलं नसतं. प्रती वाटल्या गेल्या. वडिलांच्या वकिलांनी ‘उत्साहाने’ खाली रेघ मारली, आईच्या वकिलांनी ‘मागे घेतली’ खाली. दोघांना हवं ते सापडलं. मुलाला दहाएक मिनिटं न्यायाधीशांनी आपल्या कक्षात बोलावलं, तिथे त्याने चारपासूनचंच सांगितलं, त्याच शब्दांत.

वडील म्हणाले, “चारपासून चालते.” एका झटक्यात. त्यांनाही मारबतीचं फारसं नव्हतंच बहुतेक. मग तारखेचा घोळ. स्टेनोला तारीख हवी, आणि पोळा दरवर्षी हलतो. शेवटी ‘पंचांगाप्रमाणे श्रावण अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ४ ते रात्री ९’ असं झालं. ने-आण वडिलांनी करायची, मुलाला काही झालं तर त्याच दिवशी आईला कळवायचं. हे शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं. संध्याकाळच्या आत सह्या, हुकूम, सगळं.

निघताना व्हरांड्यात आईने मुलाला विचारलं. आवाज अजिबात चढा नव्हता. “तुला मारबत आवडते तर मला काऊन नाही सांगितलं रे?” मुलाने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

हे मी एका निवृत्त सहकाऱ्यांना सांगितलं. माझं म्हणणं असं की मुलाचे शब्द बंद पाकिटात फक्त न्यायाधीशांकडे जावेत, पक्षकारांना निष्कर्ष तेवढा मिळावा. त्यांनी पान लावता लावता विचारलं, “आणि उद्या एखाद्या पोरानं पढवल्यावरून बापाविरुद्ध काही सांगितलं, तर बापानं काय खोडायचं? पाकीट?” याला माझ्याजवळ उत्तर नाही. न बघितलेल्या कागदावरून कोणाचं पोर दुरावणं मलाही मान्य नाही. तरी मी अजून पाकिटाच्याच बाजूची आहे, आणि ते अजून पान चघळत हसतात.

हल्ली मी पहिल्या प्रश्नाच्या आधीच मुलांना सांगून टाकते, की मी लिहिते ते आई-बाबा वाचतात. मुलं मान डोलावतात आणि मोजकं बोलतात. माझे अहवाल पूर्वी चार-चार पानं चालायचे, आता दीड पानात आटोपतात. परवा एक वकील म्हणाले, मॅडम, तुम्ही अलीकडे फार नेमकं लिहिता.