पडवळचे मागचे पाय

आमचा पडवळ डॅशहुंड आहे, सहा वर्षांचा. लांबुडका म्हणून हे नाव. आदल्या रात्री उचलला तेव्हा कळवळला होता. पोट दुखत असेल म्हणून दहीभात दिला. सकाळी पाहतो तर पुढच्या दोन पायांवर सरपटत येतोय, मागचं धूड फरशीवर घासत.

जवळच्या दवाखान्यात ‘कॅल्शियम कमी आहे’ म्हणून दोन इंजेक्शनं मिळाली. एक दिवस असा गेला. दुसऱ्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, ‘इंजेक्शन कशाचं होतं?’ स्टेरॉइड असेल तर त्यावर सूज उतरवणारं नेहमीचं वेदनाशामक देता येत नाही, आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. कागदावर नावच नव्हतं.

त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. पडवळने पाय आखडला आणि मला हायसं वाटलं. ‘पाय नका बघू, तोंड बघा,’ डॉक्टर म्हणाले. पाय आखडणं मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूतच होतं, मेंदूला पत्ता नसला तरी. आणखी जोरात दाबलं तेव्हा कुठे तो वळून चावायला धावला. इतक्या आनंदाने कुणाला चावू दिलं नसतं मी! म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोचत होती. ही संवेदना शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहातले नऊ कुत्रे चालतात. गेली असेल तर निम्म्याच्या आसपास, आणि तिथे तास मोजायचे असतात.

कपाटाची फळी काढली, त्याला ओढणीने तिच्यावर बांधलं आणि साताऱ्याहून पुणं गाठलं. एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, म्हणून भूल देऊन एमआरआय. या आखूड पायांच्या जातीत मणक्यांमधली गादी लहान वयातच खडूसारखी कडक होते आणि एखाद्या दिवशी फुटून वर मज्जारज्जूवर आदळते. पडवळची शेवटच्या बरगडीपाशी फुटली होती. त्याच रात्री मणक्याच्या बाजूला खिडकी पाडून तो चुरा काढला.

ऑपरेशन सोपं वाटावं असं पुढचं काम होतं: लघवी. त्याला ती आपली आपण होईना. दर सहा तासांनी, रात्री दोनलासुद्धा, दोन्ही तळव्यांत पोट धरून मूत्राशय चाचपायचं. लिंबाएवढं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागतं. मग हळूहळू, सलग दाब. पहिले तीन दिवस माझ्या हाताला आतडीच लागत होती आणि बायको एका झटक्यात करायची. तुंबलं तर संसर्ग होतो, म्हणून रंग आणि वास रोज बघायचा. वर सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. कूस बदलत राहायची, नाहीतर जखमा होतात.

नवव्या दिवशी शेपटी हलली. तिसऱ्या आठवड्यात तो पोटाखालच्या टॉवेलच्या आधाराने दारुड्यासारखा उभा राहिला. आता चालतो, डावा पंजा थोडा घासतो.

त्याने उड्या मारू नयेत म्हणून कोच विकून टाकला. सगळे खाली गादीवर बसतो. पाहुण्यांचे गुडघे कुरकुरतात.