खाडी ते खाडी: मांडवा ते रत्नागिरी, सगळ्यांना घेऊन सायकलवर

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जायचं तर नुसते किलोमीटर मोजून काही हाती लागत नाही. इथला रस्ता खाडीपाशी समुद्राच्या पातळीला येतो, पलीकडे गेला की सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर चढतो, सड्यावर थोडा वेळ मोकळा पळतो आणि पुढच्या खाडीकडे पुन्हा उतरतो. एकेक चढ फार उंच नसतो, शंभर-दीडशे मीटरचाच. पण तो उभा असतो, आणि एका दिवसात असे चार-पाच येतात. देशावर ६० किलोमीटर सहज करणारा माणूस इथे ४० किलोमीटरला बसकण मारतो.

आमच्या घरातल्या माणसांची ताकद अगदी वेगवेगळी. नवरा ब्रेव्हे करणारा, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पुरे करणाऱ्यांपैकी. मी रोज थोडी चालवते, चढाला घाबरत नाही पण वेगही नाही. नणंदेचा गुडघा दुखावल्यानंतर ती नुकतीच पुन्हा सायकलवर बसू लागली होती. तिचा मुलगा तेरा वर्षांचा, अंगात जोर भरपूर आणि उतारावर धाक शून्य. आणि सासरे, वय अडुसष्ट. त्यांनी तरुणपणी गावात सायकलवरून दूध घातलं होतं आणि समुद्राच्या कडेने एकदा तरी जायचं हे त्यांनी मनाशी धरलं होतं. नणंदेचे यजमान गाडी घेऊन सोबत येणार होते.

अशा मंडळींना एकत्र न्यायचं तर दोन सोपे उपाय सुचतात. सगळ्यांनी सर्वांत हळू माणसाच्या चालीने जायचं, नाहीतर ज्याने त्याने आपापलं जायचं आणि रात्री मुक्कामी भेटायचं. पहिल्यात दमदार माणूस कंटाळतो, दुसऱ्यात हळू माणूस एकटा पडतो. नकाशा समोर ठेवून बसले तेव्हा माझं लक्ष फेरीबोटींकडे गेलं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. मांडवा ते रत्नागिरी या वाटेवर चार ठिकाणी रस्ता पाण्यात संपतो आणि सगळ्यांना एकाच धक्क्यावर थांबावं लागतं. पुढे गेलेलाही तिथे थांबतो, मागून येणाराही तिथेच पोचतो. म्हणून मी प्रवास दिवसांत न आखता खाडी ते खाडी असा आखला. दोन खाड्यांच्या मध्ये ज्याला जो रस्ता झेपेल त्याने तो घ्यायचा, बोटीत मात्र सगळ्यांनी एकत्र चढायचं. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांनी मनात धरलेल्या रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल जसे होत जातील तसे हे धक्के ओस पडतील. गावांना पूल हवेत, त्यात शंकाच नाही. पण बोटी चालू आहेत तोवर हा प्रवास करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग चढ वाचण्याचा. मोबाइलवरचे नकाशे एकूण चढ किती मीटर ते सांगतात. माझा हिशेब असा: दहा किलोमीटरला शंभर मीटरपर्यंत चढ असेल तर नवशिक्याला चालतो, दीडशेपर्यंत रोज चालवणाऱ्याला, आणि त्याच्या वर गेला तर पाय तयार असलेल्यालाच. पण एकूण आकडा पुरत नाही, तो चढ किती अंतरात चढायचा तेही बघावं लागतं. दोन किलोमीटरमध्ये शंभर मीटर म्हणजे ठीक, तेच एका किलोमीटरमध्ये आलं तर नणंदेने उतरून चालायचं हे आधीच ठरलेलं. चढावर सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घेतलं होतं. त्याचा फार उपयोग झाला.

आणखी एक गोष्ट वाटेत शिकले. पुढचा चढ कसा आहे हे गाडीवाल्याला विचारू नये. त्याला चढ आठवतच नाही. डोक्यावर पाटी घेऊन चालत येणाऱ्या बाईला विचारावं. वेळासच्या अलीकडे एका मावशींनी सांगितलं, "वडापर्यंत सोपं हाय, वडानंतर श्वास लागंल, मंग विहीर येते तिथं बसा." वड, श्वास आणि विहीर, तिन्ही बरोबर त्याच जागी निघाले.

सासऱ्यांसाठी ई-सायकल घेतली. मोटर २५० वॉटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, त्यामुळे तिला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. मात्र कंपनी सांगते ते अंतर सपाटीचं असतं. कोकणच्या चढांवर त्याच्या निम्मंच धरलं आणि जेवणाच्या थांब्यावर बॅटरी काढून चार्जिंगला लावायची हा नियम केला. बाकीच्यांच्या सायकलींना मागचं मोठं दातेरी चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचं बसवून घेतलं. गुडघा जपायचा असेल तर महागडी फ्रेम नको, हलका गिअर हवा. सामान सगळं गाडीत, सायकलवर फक्त पाणी, ट्यूब, पंप आणि राजगिऱ्याचे लाडू.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवली, तीही विचारपूर्वक. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा हलका येतो, दुपारी खारा वारा समुद्रावरून आणि बहुतेक वेळा वायव्येकडून सुटतो. दक्षिणेकडे तोंड असलं की तो पाठीशी असतो. नेमकं दुपारी अंग थकतं तेव्हाच ही मदत मिळते.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने, म्हणजे गाड्या थेट आत चढवता येतात अशा बोटीने, गाडी आणि सायकली मांडव्याला उतरवल्या. अलिबाग, चौल, रेवदंडा हा पट्टा नारळी-पोफळीच्या सावलीतला आणि सपाट, ज्यांना फक्त एक दिवस काढायचा आहे त्यांनी एवढाच केला तरी मन भरेल. कुंडलिका नदीचा पूल ओलांडून साळावला आलं की कोर्लईचा किल्ला समोर येतो आणि काशीदच्या आधी पहिला खरा चढ लागतो. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रीघ असते, तेव्हा हा भाग मधल्या वारीच करावा.

आगरदांड्याच्या धक्क्यावर पहिल्यांदा सगळे जमलो. बोटीच्या उताराला ओलसर चिखल असतो, त्यामुळे तिथे सायकल चालवत चढायचंच नाही, हातात धरून, पाय रोवत. लांबवर जंजिरा दिसत होता. भाचा विचारत होता, "मामी, पलीकडे गेल्यावर परत चढ?" मी हो म्हटलं. तो हसला आणि उरलेला लाडू त्याने आजोबांना दिला.

या अख्ख्या वाटेवर वेगवेगळ्या ताकदीच्या माणसांसाठी सर्वांत छान जागा म्हणजे दिवेआगर ते श्रीवर्धन. दोन रस्ते आहेत. एक आतून, बोर्ली पंचतनवरून डोंगर चढून जाणारा. दुसरा शेखाडीवरून, समुद्राला लागून. नवऱ्याने आतला घेतला, आम्ही चौघे शेखाडीने गेलो. उजव्या हाताला थेट पाणी, डाव्या हाताला डोंगर, गाड्या तुरळक. सासऱ्यांनी मोटर बंद करून टाकली. मी मागून ओरडले, "बाबा, बॅटरी आहे अजून!" ते म्हणाले, "असू दे गं, इथं मला माझ्या पायांनी जायचंय." श्रीवर्धनला नवरा घामाने निथळत पोचला आणि आम्ही त्याच्या आधी पोचून खानावळीत पानं मांडायला सांगितली होती. त्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या मापाचा रस्ता मिळाला.

किनाऱ्यावरची ओली वाळू हाही एक रस्ताच आहे. ओहोटीला दिवेआगर आणि गुहागरची पुळण इतकी घट्ट होते की मुलांना आणि शिकाऊ माणसांना निर्धास्त सोडता येतं. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, ती कोळ्यांना विचारून घ्यावी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही समुद्राच्या कडेच्या खडकांवरून असल्याने ओहोटीलाच करायची असते, म्हणजे दोन्ही बेत एकत्र जमतात. मात्र वाळूतून आल्याबरोबर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल घालायचं, नाहीतर खारं पाणी रातोरात गंज चढवतं.

सावित्री नदी ओलांडली की रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो, आणि रस्त्याचा स्वभावही बदलतो. वेश्वीहून बाणकोट, वेळास, केळशी हा टप्पा सगळ्यांत अवघड. चढ उभे, वळणं आंधळी, कडेला जांभ्याची खडी सुटलेली. इथे नणंद आणि भाचा गाडीत बसतील हे घरून निघतानाच ठरवलेलं होतं, त्यामुळे त्या दिवशी कुणाला आपण मागे पडलो असं वाटलं नाही. वेळासला उतरून त्यांनी समुद्रकिनारा पाहिला. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकरी जिथे राखतात तो हाच. सासरे मोटरच्या जोरावर माझ्या पुढे होते. मी त्या चढावर दोनदा उतरले, विहिरीपाशी बसले आणि मग केळशीपर्यंत हवेत तरंगत गेल्यासारखी आले.

उतारांबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. चढावर माणूस फार तर थकतो, पडतो तो उतारावर. भाच्यासाठी नियम एकच होता, उतारावर मामाच्या मागे राहायचं, पुढे नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत सोडत यायचं, सतत धरून ठेवायचे नाहीत. लाल मातीच्या बारीक धुळीने ब्रेकचे पॅड भराभर झिजतात, म्हणून रोज रात्री ते बघायचे. हर्णैनंतर बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला येताना या नियमाचं मोल कळलं.

दाभोळच्या खाडीला बोट नसती तर चिपळूणवरून केवढा वळसा पडला असता. धोपाव्याला उतरून गुहागर, मग पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकातल्या अरुंद भेगेत, भरतीचं पाणी उसळतं ते बघायला भरतीचीच वेळ गाठावी लागते. तवसाळहून शास्त्री नदी ओलांडली तेव्हा नवरा जयगडचा किल्ला बघायला वर गेला आणि आम्ही सरळ मालगुंडला, कवी केशवसुतांच्या जन्मगावी जाऊन थांबलो. नणंदेने हा सगळा पट्टा गाडीशिवाय केला. गुडघ्याला पट्टा होता, चाल मुंगीची होती, पण गणपतीपुळ्याला ती स्वतः सायकलवरून आली.

आरे-वारेचा रस्ता फोटोंमुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथला चढ माणसाला थांबवतो आणि थांबलं की खाली दोन पुळणी एकदम दिसतात. तो भल्या सकाळी करावा.

परतीला तीन सायकली गाडीच्या मागच्या स्टँडवर गेल्या आणि दोन रेल्वेने. स्टेशनच्या पार्सल कार्यालयात दोन तास आधी पोचायचं, हँडल वळवून, पेडल काढून पुठ्ठा गुंडाळायचा, नाव आणि उतरायचं स्टेशन ठळक लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधायची आणि पावती जपून ठेवायची. आपण त्याच गाडीत असलो तरी उतरल्यावर धावत मालडब्याशी जावं लागतं, म्हणून एकाने सामान सांभाळायचं आणि एकाने सायकली.

आता रत्नागिरीच्या खाली, पावस, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड आणि मालवणपर्यंतचा नकाशा उघडला आहे. विजयदुर्ग ते देवगड सड्याचा भाग नवऱ्यासाठी आणि माझ्यासाठी, मालवण ते तारकर्ली सपाटीचा नणंदेसाठी. सासऱ्यांना मधलं काहीच सोडायचं नाही, म्हणून दुसरी बॅटरी बघतो आहोत.